भरती काही धुवून नेत नाही

"मॅडम, टेन्शन घेऊ नका, संध्याकाळच्या भरतीला सगळं धुवून जाईल."

काल सकाळी सव्वानऊला टँकरवाल्याने माझ्याच फाटकासमोर उभं राहून हे मला ऐकवलं. माझ्या चपला मैलापाण्यात, चेंबरचं झाकण एका अंगाला कलंडलेलं, आतून बुडबुडे, आणि शेजारच्या काकींच्या तुळशीच्या कट्ट्यापर्यंत ते काळं पाणी पोचलेलं. रात्रभर पाऊस पडला की आमच्या गल्लीत हे ठरलेलंच. लोक छपराच्या पन्हळी मलवाहिनीला जोडतात, कोणी बघत नाही. तीन फोन केल्यावर टँकर आला. मला वाटलं, आता हे उपसून घेऊन जातील. त्यांनी पाईपचं एक तोंड चेंबरमध्ये सोडलं आणि दुसरं तोंड, माझ्या डोळ्यांदेखत, रस्त्याकडेच्या पावसाच्या गटारात!

पावसाच्या गटारात. जे थेट आमच्या पणजीतल्या सांतिनेजच्या खाडीत जातं.

मी ओरडले, "अहो, हे काय करताय?" तर म्हणे, शेवटी सगळं खाडीलाच जातं ना. वीस मिनिटं तो पंप धडधडत होता. राखाडी फेस, कापसाचे बोळे, डायपर, सगळं माझ्यासमोरून वाहत गेलं. मग वर ब्लीचिंग पावडरचा एक पट्टा मारला, मोबाईलवर फोटो काढला आणि गेले. टँकर वळणावरून दिसेनासा होतो न होतो तोच मला मेसेज: आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. माझ्या पायाला अजून घाण होती. दोनदा साबणाने पाय धुतले तरी रात्री जेवताना तो वास नाकातून जाईना.

आणि त्या भरतीबद्दल मला कोणी सांगू नका. मी या खाडीच्या काठावर तीस वर्षं राहते. भरती दिवसातून दोनदा येते आणि पाणी आत ढकलते. सकाळी पुलाखालून गेलेली प्लॅस्टिकची पिशवी दुपारी परत येते, मी पाहिलीय. पावसाळ्यात वरून ताळगावचं पाणी येतं तेव्हा थोडंफार मांडवी नदीपर्यंत पोचत असेल. उन्हाळ्यात वरून येतंच काय? तेव्हा तेच पाणी आत-बाहेर करत राहतं आणि जड असेल ते तळाला बसतं. ओहोटीला खारफुटीच्या मुळांत बघा, काळा चिखल आणि वर हिरवी साय. तो चिखल काठीने ढवळला की सडक्या अंड्यांचा वास सुटतो. प्राणवायू संपलेल्या पाण्याचा वास आहे तो. माझ्या सासूबाई याच पाण्यात उतरून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायच्या. आज इथली तिसरी मी फुकट दिली तरी घेणार नाही, कारण ती पाणी गाळूनच जगते आणि पाण्यात असेल ते पोटात साठवते.

मैलापाणी शुद्ध करायचा प्रकल्प वाढवू नका असं मी म्हणत नाही. उलट मीच अर्ज करकरून मलवाहिनीची जोडणी घेतली. आपल्या जांभ्या दगडाच्या जमिनीत सेप्टिक टाकीचं पाणी विहिरीत उतरतं हे मला कोणी शिकवायला नको, आमची विहीर त्यापायीच बंद केली. टोंकच्या जुन्या १२.५ एमएलडीच्या (म्हणजे दिवसाला तितके दशलक्ष लिटर) प्रकल्पाच्या जोडीला १५ एमएलडीचा नवा प्रकल्प, ठीक आहे, हवाच होता. पण प्रत्येक भाषणात एमएलडीच! किती लिटर आत येतं ते सगळ्यांना पाठ. प्रक्रिया होऊन बाहेर पडतं ते पाणी कायमचं याच अरुंद खाडीत येणार, दिवस-रात्र, वर्षानुवर्षं, त्याचं काय? घाण जरी निघाली तरी नायट्रोजन आणि फॉस्फरस काढायची वेगळी सोय नसेल तर ते पाण्यातच राहतात. ते शेवाळाचं खत. क्लोरीन जास्त पडला तर मासे मरतात, कमी पडला तर जंतू राहतात. २०१७ च्या केंद्राच्या नियमात आपल्यासारख्या राजधानीच्या शहरांना बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना खाते त्या प्राणवायूचं माप, लिटरला २० मिलिग्रॅमपर्यंत चालतो आणि नायट्रोजन-फॉस्फरसचं नावच नाही. २०१९ मध्ये हरित लवादाने सांगितलं, बीओडी १० वर आणा, नायट्रोजनलाही मर्यादा घाला. मग खाडीच्या पुलावर ओहोटीच्या वेळचे आकडे रोज लावा ना! मासळी बाजारात माशाचा भाव मिनिटाला कळतो, पाण्याचा आकडा का कळू नये?

आणि गाळ. जितकं पाणी जास्त शुद्ध कराल तितका गाळ जास्त निघणार. आपल्याकडे चार महिने तो वाळतच नाही. त्यात कपड्यांचे प्लॅस्टिकचे धागे, औषधं, जड धातू, सगळं. तो कुठे जातो, कोणाच्या शेतात पडतो? हा प्रश्न विचारला की समोरचा माणूस घड्याळ बघतो.

क्षमता वाढली की काय होतं तेही बघून झालंय. ताळगावात शेतं भरून इमारती उभ्या राहतात आणि जाहिरातीत ठळक अक्षरात 'मलनिस्सारण जोडणीसह'. ताळगावच्या वांग्यांसाठी आम्ही बाजारात रांग लावायचो. ती वांगी आता शोधावी लागतात. पाच वर्षांत प्रकल्प पुन्हा अपुरा म्हणणार, पुन्हा रस्ते खणणार. आमची गल्ली आधीच तीनदा खणून झाली. दर वेळी चेंबर रस्त्याच्या वर एक वीत! नुकत्याच काकी त्यावर आदळून पडल्या, मनगट मोडलं. कोणी साधी चौकशी करायला आलं नाही. ते झाकण अजून तसंच आहे.

रात्रीचे सेप्टिक टाक्यांचे टँकर तर मी मोजायचंच सोडलंय. दीड वाजता दिवे मालवून पुलाजवळ थांबतात. नंबर लिहून दिले दोनदा. पोचपावती आहे माझ्याकडे, पुढे काही नाही.

आज पुन्हा ढग भरून आलेत. चेंबर पुन्हा भरणार, तोच टँकर येणार, तोच पाईप निघणार. मी प्लॅस्टिकची खुर्ची आणि छत्री काढून ठेवलीय. गटाराच्या तोंडावर खुर्ची टाकून बसणार आहे. काकीही येते म्हणाल्या, प्लास्टरच्या हातासकट. पाईप आत सोडायचा असेल तर आधी आम्हा दोघींना उठवा.