मशीनवर ९५, आणि बाईला बोलवत नव्हतं

ऊसतोडीच्या टोळीतली बाई. सकाळी एका दवाखान्यातून "ऑक्सिजन ९५ आहे, दम मनाचा आहे" असं सांगून परत पाठवलेली. संध्याकाळी आमच्याकडे आली तेव्हा तीन-चार शब्दांनंतर थांबत होती. मिनिटभर श्वास मोजले, ३२ भरले. ऑक्सिमीटर तेव्हाही ९४!

संताप होतो. ऑक्सिमीटर बोटातून ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० चा इन्फ्रारेड प्रकाश सोडतो, किती शोषला गेला त्यावरून आकडा काढतो. तो हिशेब बसवला बहुतांशी गोऱ्या माणसांवर. गडद कातडीत तो चुकतो, आणि चुकतो तो बहुधा वरच्या बाजूला. मिशिगनच्या डॉक्टरांनी २०२० मध्ये धमनीतल्या रक्ताशी ताडून दाखवलं: मशीन ९२ ते ९६ सांगत असताना प्रत्यक्षात ८८ च्या खाली असलेले गोऱ्यांत ३.६ टक्के, काळ्यांत ११.७. अमेरिकेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दहा जणांच्या चाचणीत गडद वर्णाचे दोघं असले की भागायचं. आणि आपण म्हणायचं, वर्णभेद तिकडचा प्रश्न! उन्हात रापलेली ही बोटं कुठली मग?

करोनात याच मशीनने जीव वाचवले, मान्य. म्हणून त्यावर डोळे मिटून विसंबायचं?

डॉक्टर मित्रांनो, हात गार असेल तर आधी चोळून गरम करा. काळी मेंदी, नेलपॉलिश असलेलं बोट सोडा. अर्धा-एक मिनिट थांबा, आकडा स्थिरावू द्या. श्वास पूर्ण ६० सेकंद मोजा, १५ सेकंद मोजून चारने गुणू नका, तिथेच घोटाळा होतो. निळेपणा नखांत शोधू नका, जीभ आणि ओठांची आतली बाजू दिवसाच्या उजेडात बघा. बसल्या जागी दम नसेल तरच ६ मिनिटं चालवा, आकडा तीनने घसरला तर सावध व्हा. मोठ्या माणसाचा श्वास २४ च्या वर असेल तर मशीन काहीही सांगो, घरी पाठवू नका.

तिला ऑक्सिजन लावून पुढे पाठवलं. गाडीत बसताना एवढंच विचारलं, "उचल फिटायचीये, किती दिस लागत्याल?" काय सांगणार.

आत्ता तिकडून फोन आला. धमनीतल्या रक्तात ऑक्सिजन ८६. तिच्या सकाळच्या केसपेपरवर ९५ भोवती गोल केलेला आहे, श्वासाचा रकाना कोरा.