आपसात मिटवू

गावात माझी ओळख 'सर' एवढीच. जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला गणित शिकवतो. पण मनातल्या मनात मी एक पदवी मिरवत असे : पंचेचाळीस टक्के. गाडी घेतल्यापासून विम्याचा एकही क्लेम केलेला नव्हता. पहिलं वर्ष बिनक्लेमचं गेलं की 20 टक्के बोनस, म्हणजे पुढच्या हप्त्यात तेवढी सूट, मग 25, मग 35, मग 45. पाचवं वर्ष निभावलं की 50. त्याच्या वर पायरी नाही, पन्नास म्हणजे विमाधारकाचं वैकुंठ. पॉलिसी 30 जूनला संपत होती आणि वैकुंठ फक्त सात आठवड्यांवर होतं. अशात माझ्या साळ्यानं पोरीचं लग्न काढलं.

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातलं गाव, मे महिना, डोक्यावर 44 डिग्री. लग्न मांडवात होतं, पार्किंग मात्र वावरात, म्हणजे शेतात. उलंगवाडी, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी, होऊन पऱ्हाटी उपटलेली, वावर वखरलेलं, आणि बोराच्या काटीवर खोक्याचा पुठ्ठा खोचून लिहिलेलं 'पार्किंग'. ढेकळं अशी की गाडी चालवतोय की डवरा, कळेना. सावली एकच, धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, हिवराच्या झाडाची. त्या सावलीत अकरा गाड्या आधीच कोंबलेल्या होत्या. बारावी माझी.

गाड्या लावून घ्यायला साळ्याचा पुतण्या उभा होता. गळ्यात दुपट्टा, डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडात नुकताच घोटलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा. आपल्याकडे गाडी मागे घेणाऱ्याला एकच मंत्र ऐकवतात, "येऊ द्या, येऊ द्या." हा मंत्र म्हणणाऱ्याला मागे काय आहे ते दिसत असतं, म्हणून आपण त्याच्यावर आईवर ठेवावा तसा विश्वास ठेवतो. पोट्टा म्हणत होता, "येऊ द्या... येऊ द्या..." मग म्हणाला, "उंऊं, उंऊं." मला वाटलं, येऊ द्या. त्याला म्हणायचं होतं, थांबा. पण थांबा म्हणायला तोंड उघडावं लागतं आणि तोंड उघडलं तर खर्रा वावरात पडतो. त्यानं खर्रा वाचवला.

आवाज फार मोठा झाला नाही. शेंगदाण्याची शेंग फोडावी तसा. उतरून पाहिलं तर माझा मागचा बंपर मधोमध चिरलेला आणि एका पांढऱ्या बोलेरोच्या दरवाजात परातीएवढा खड्डा. पोट्ट्यानं आता निवांतपणे पिचकारी मारली आणि म्हणाला, "मी थांबा म्हणून रायलो होतो नं भाऊजी."

बोलेरो कोणाची? नवरदेवाच्या मामाची.

ही बातमी मांडवात माझ्याआधी पोचली. साळा अक्षतांचं ताट हातात घेऊनच धावत आला. "भाऊजी, अकरा गाड्या होत्या जी. धाच्या धा आपल्याच माणसाइच्या. कोनतीबी ठोकाची होती. मामाचीच कायले ठोकली?" मी म्हटलं, निवडून ठोकली नाही. त्याला ते पटलं नाही. बायको आली. तिनं बंपर पाहिला, दरवाजा पाहिला आणि फक्त "वाटलंच होतं" म्हणाली. काय वाटलं होतं ते ती आजतागायत सांगत नाही.

मग मामा आले. धोतर, टोपी, कपाळाला कुंकू. दरवाजाकडे त्यांनी मेलेल्या बैलाकडे पाहावं तसं पाहिलं. मी घाबरून हात जोडले आणि तीन वाक्यं बोललो. माझी चूक झाली. तुमचा दरवाजा मी करून देतो. हे दोन हजार आत्ता ठेवा. चारशे वऱ्हाडी साक्षीला होते. रात्री पॉलिसीचं पुस्तक पहिल्यांदा वाचलं तेव्हा कळलं की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकानं तीन गोष्टी करायच्या नसतात : चूक कबूल करणं, वचन देणं आणि पैसे देणं. मी तिन्ही एका दमात केल्या होत्या, त्याही बँडवाल्यांसमोर.

मामा खिशात पैसे ठेवत म्हणाले, "जाऊ द्या जी सर. आता सोयरेच झालो आपन. आपसात मिटवू."

आपसात! काय गोड शब्द आहे. मला वाटलं, आपस म्हणजे ते आणि मी. पाच मिनिटांत कळलं की या आपसाची लोकसंख्या सातशे आहे.

पहिल्यांदा तज्ज्ञ आले. ज्यानं आयुष्यात सायकलचं पंक्चरसुद्धा काढलं नव्हतं तो म्हणाला, "दरवाजाच बदला लागते, वीस हजार." दुसरा म्हणाला, "आतून लाथ मारली का निंघते." तिसऱ्यानं तर लाथ मारलीही, आणि खड्ड्याशेजारी आणखी एक लहान खड्डा झाला. तो कोणाच्या खात्यावर लिहायचा, यावर पंगत अर्धा तास उशिरा बसली.

तेवढ्यात तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष आले. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 15 ऑगस्ट 2007 ला सुरू झाली तेव्हा गावोगाव तंटे मिटवायची चढाओढ होती. आता बहुतेक गावांत त्या मोहिमेचा रंग उडालेला बोर्ड तेवढा उरलाय. यांच्याकडे कित्येक वर्षांत धड तंटा आलेला नव्हता. माझा बंपर पाहून त्यांच्या चेहऱ्यावर पेरणीनंतर पाऊस आल्यासारखं तेज आलं. त्यांनी मंडपातून चार खुर्च्या मागवल्या, हिवराखाली बैठक बसवली आणि पहिला प्रश्न टाकला, "विमा हाय का?"

"आहे," मी म्हणालो.

"माह्याबी गाडीचा हाय," मामा म्हणाले. त्यांनी डॅशबोर्डाच्या खणातून कागद काढला. खणात दोन सुपाऱ्या, एक बियाण्याचं बिल आणि गजानन महाराजांचा फोटोही होता. मी कागद वाचला. थर्ड पार्टी. म्हणजे कायद्यानं सक्तीचा असतो तेवढाच. मामांनी दुसऱ्याला ठोकलं तर दुसऱ्याला पैसे, मामांना कोणी ठोकलं तर या कागदातून मामांना काही नाही. हे समजावून सांगितल्यावर मामा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे इतके वर्ष मी लोकाइच्या गाडीचा विमा भरून रायलो?"

त्यांचा भाचा, म्हणजे नवरदेवाचा मावसभाऊ, पुण्यात शिकायला होता. तो म्हणाला, "सोपं हाय. सरानं मामाले ठोकलं असं कायले लिहता? मामानं सराले ठोकलं असं लिहा. मामाची थर्ड पार्टी सराले पैसे देईन, सर मामाले देतीन." गणिताचा मास्तर म्हणून मला त्या पोराचं क्षणभर कौतुक वाटलं. पण बोलेरोच्या चाकाखाली दगड होता, मामा मांडवात हळदीचा डाग धुवत होते, आणि ठोकलं ते माझ्या पाठीनं. शिवाय याला गुन्हा म्हणतात. मी नको म्हटलं, तर "सर लय कायद्याचे हायेत" असा शेरा मिळाला. त्यात कौतुक नव्हतं.

मग कोणीतरी विचारलं, तुमच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या नुकसानीचं काय? इथं माझ्यातला शिक्षक जागा झाला. विचारल्यापेक्षा जास्त उत्तर द्यायची आम्हाला खोडच असते. मी म्हणालो, "दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर साडेसात लाखांपर्यंत कव्हर असतं."

हिवराखाली शांतता पसरली. साडेसात लाख. मामांचे धाकटे भाऊ, जे इतका वेळ पंगतीकडे पाहत होते, ते खुर्ची ओढून जवळ आले. "साडेसात लाख! मंग आपसात कायले मिटोता बाप्पा?"

पुढचा तासभर मी घामाघूम होऊन सांगत होतो की साडेसात लाख ही कमाल मर्यादा आहे, दरवाजाची किंमत नाही. त्यासाठी पोलिसांत नोंद करा, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करा, ते जिल्ह्याच्या कोर्टात असतं, वकील लावा, तारखा घ्या. 'तारखा' हा शब्द ऐकल्यावर धाकटे भाऊ खुर्चीसकट मागे सरकले. त्यांची धुऱ्याची एक केस बरीच वर्षं चालू होती.

माझ्या स्वतःच्या बंपरचं काय, हेही विचारावं म्हणून मी विमा कंपनीला फोन लावला. रेंज फक्त पाण्याच्या टँकरवर उभं राहिलं की मिळत होती. भर लग्नात, सफारी घालून, टँकरवर उभा राहून मी 'हिंदी के लिए दो दबाएं' ऐकत होतो. पलीकडच्या ताईंनी विचारलं, "पार्किंग का नाम?" मी म्हटलं, वावर. "स्पेलिंग?" मग त्यांनी जवळची खूण विचारली. मी म्हटलं, हिवर का पेड़. "सर, क्लेम रजिस्टर कर दूँ?" माझ्या डोळ्यांसमोर सात आठवड्यांवरचं वैकुंठ आलं. "नको नको! नहीं नहीं! सिर्फ पूछ रहा हूँ!" मी इतक्या जोरात ओरडलो की खाली वऱ्हाड्यांना वाटलं, सर टँकरवरून उडी मारतात. दोघांनी माझे पाय धरले.

रात्री घरी आल्यावर वही घेऊन बसलो. बंपर 2,800, रंग 3,000, मजुरी 600, एकूण 6,400. आता यातून कंपनी काय देणार? बंपर प्लास्टिकचा, त्यावर निम्मा घसारा, गेले 1,400. रंगाच्या बिलातला पाव हिस्सा सामानाचा धरतात, त्याच्या निम्मे कापतात, गेले 375. माझ्यासारख्या 1500 सीसीच्या आतल्या गाडीला 1,000 रुपये पदरचे भरावेच लागतात. हाती येणार 3,625. आणि त्यासाठी बोनस जाणार शून्यावर. माझा ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीचा, हप्ता 6,000; बोनस मिळतो तो त्याच्यावरच. तो तेवढाच राहिला असं धरलं, तर पुढच्या वर्षी 50 टक्क्यांचे 3,000 बुडाले. त्याच्या पुढच्या वर्षी 50 ऐवजी 20, म्हणजे 1,800. तिसऱ्या वर्षी 50 ऐवजी 25, म्हणजे 1,500. एकूण 6,300. साडेतीन हजारांसाठी सव्वासहा हजार! शिवाय कंपनीच्या यादीतलं गॅरेज यवतमाळला, दोन चकरांचं पेट्रोल वेगळं. पाचवीच्या पोरालाही कळेल की क्लेम करू नये. बायकोला वही दाखवली. ती म्हणाली, "मामाचं किती झालं, ते नाई लिहलं यात."

ते लिहायला दुसरी वही लागली.

दारव्ह्याच्या डेंटरनं मामांच्या दरवाजाचे साडेचार हजार सांगितले : पत्रा ठोकून काढणं, पुट्टी, रंग, पॉलिश. लाथेचा खड्डा त्यानं फुकटात धरला. दोन हजार दिले होते, राहिले अडीच. पण सोयऱ्याला नुसते पैसे कसे द्यायचे? साळ्यानं बजावलं, "रिकाम्या हातानं जाऊ नका, नवं नातं हाय." म्हणून दुपट्टा-टोपी, नारळ, पेढे. अध्यक्ष म्हणाले, तंटा मिटला म्हणजे रोडगे व्हायलाच पाहिजेत. मामांच्या वावरात रोडगे, वांग्याची भाजी, वरण. मी पाच माणसं धरली होती, आली तेवीस. त्यात लाथ मारणारा होता, खर्रेवाला पोट्टा होता, आणि बँडवाल्यांपैकीही दोघे होते. साक्षीदार म्हणून.

जेवणं झाल्यावर मी हळूच म्हटलं, एक कागद करून घेऊ का, पूर्ण रक्कम मिळाली, आता काही येणं नाही म्हणून? जेवलेल्या माणसांचे हात तोंडावरच थांबले. मामा दुखावून म्हणाले, "म्हंजे इस्वास नाई?" अध्यक्ष म्हणाले, करायचाच तर स्टॅम्पपेपरवर करा, शंभराचा आता चालत नाही, पाचशेचा लागते. शेवटी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूला लिहिलं. 'दरवाजाचे रुपये 4,500 भेटले. राग नाही.' खाली मामांची सही, वर श्रीगणेश प्रसन्न, आणि मधे वांग्याच्या भाजीचा तेलाचा डाग. तो कागद मी पॉलिसीला टाचून ठेवलाय.

बंपरला गॅरेजवाल्या पोराकडून तारेचे टाके घालून घेतले, 300 रुपयांत. 30 जूनला पॉलिसी नवी केली. पन्नास टक्के! एजंटानं अभिनंदन केलं. घरी येऊन मी दुसरी वही उघडली. दरवाजा, दुपट्टा-टोपी, नारळ, पेढे, रोडगे, अध्यक्षांचा चहा. 8,650. उघडली तशीच मिटली.

तुळशीच्या लग्नानंतर साळ्याच्या पुतण्याचं लग्न निघालं. होय, खर्रेवाल्याचंच. तेच वावर, तोच हिवर, पुठ्ठाही तोच. मी पोचलो तर सावलीत पांढरी बोलेरो उभी आणि दरवाजात परातीएवढा खड्डा जसाच्या तसा.

"मामा, हा दरवाजा?" मी काचेतून डोकं बाहेर काढून विचारलं.

"अवो सर, मिरग लागला अन् बियान्याले पैसे नोते. सोयाबीनच्या बॅगा आनल्या त्याच्यात. दरवाजा काय पेरता येते?"

मी रिव्हर्स टाकला. मामा स्वतः माझ्या गाडीमागे जाऊन उभे राहिले, हात वर करून.

"येऊ द्या, येऊ द्या. अन् सर, ठोकाचंच असन तं याच दरवाजाले ठोका. याचे पैसे तुमी देलेले हायेत."