गोळी देता, मग कारणही सांगा

लैंगिक शिक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडे दोन बाजू ठरलेल्या. एक म्हणते, ही पाश्चात्त्यांची थेरं; दुसरी म्हणते, पाश्चात्त्यांकडे बघून शिका जरा. मी राहते इंग्लंडमध्ये, आणि इथलं चित्र दोघींच्याही सोयीचं नाही.

इथे 2020 पासून सरकारी शाळांत आरोग्यशिक्षण सक्तीचं झालं. वयात येणं, मासिक पाळी हे त्यातच आलं. मुलीच्या वर्गात हे तास सुरू होण्याआधी पालकांना बोलावून चित्रफिती दाखवल्या. मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन आम्ही बसलेलो. आमच्यातल्याच एका मराठी बाबांनी विचारलं, "मुलग्यांनाही दाखवणार?" बाई म्हणाल्या, हो. "मग आमच्या मुलाला बाहेर बसवा." बाईंनी शांतपणे सांगितलं: मूल कसं राहतं त्या लैंगिक शिक्षणाच्या तासाला खुशाल बसवू नका, पाळी आणि वयात येण्याच्या तासाला मात्र सूट नाही.

मला ही फोड पटली. वाद घालायला जागा ठेवली आहे, पण शरीराची माहिती त्या वादात ओढलेली नाही. वाद इथेही होतात म्हणा. 2019 मध्ये बर्मिंगहॅमला समलिंगी कुटुंबांविषयीच्या धड्यांवरून पालक शाळेबाहेर घोषणा देत उभे होते.

आपण अशी फोड केलीच नाही. 2007 साली केंद्राच्या किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमावरून गदारोळ झाला आणि महाराष्ट्राने तो सगळाच थांबवला. वास्तविक आपलं दहावीचं विज्ञानाचं पुस्तक भित्रं नाही. संप्रेरकांसकट मासिक चक्र त्यात आहे, सरोगसीसुद्धा आहे. पण "हा धडा घरी वाचून घ्या" ऐकलं नाही असं माझ्या नात्यात तरी कोणी नाही.

सातारा जिल्ह्यातल्या माझ्या भाचीला शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. योजना उत्तम, गरजही मोठी: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-5 प्रमाणे देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी सुमारे 59 टक्के मुलींना रक्तक्षय आहे. भाची आणि तिच्या मैत्रिणी गोळी खिडकीतून भिरकावतात. का, तर मळमळतं आणि शी काळी होते. फोनवर तिला सांगितलं, पाळीत रक्ताबरोबर लोह जातं, ते भरून काढायला ही गोळी. उपाशीपोटी घेऊ नकोस. काळा रंग अंगात न शोषलेल्या लोहाचा, त्याला घाबरायचं नाही. जेवणावर लगेच चहा नको, भाजीवर लिंबू पिळ. पाच मिनिटांत झालं.

"मावशी, हे आमच्या मॅडम का नाही सांगत?"

मॅडमना कोणी मनाई केलेली नसणार. पण कुठलं वाक्य कुठल्या पालकाला झोंबेल याचा नेम नाही, मग बोला कशाला? म्हणून शिक्षण खात्यानेच एक परिपत्रक काढावं: पाळी, रक्तक्षय, वयात येणं हे विज्ञान आहे, पाचवी-सहावीपासून, मुलगे-मुली एकत्र, सूट कुणालाही नाही. उरलेल्या विषयांवर विधिमंडळात हवं तेवढं भांडा.