दुष्ट किल्ल्याचा इतिहास कसा लिहावा

यंदा गणपतीत आमच्या मंडळाने 'अद्भुतकथा' स्पर्धा ठेवली आणि परीक्षक म्हणून मला धरलं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली मुलं, सगळी हुशार. झाडून साऱ्या कथांत एक दुष्ट किल्ला, आणि सुरुवातीला त्याचा इतिहास. तुम्हालाही पुढच्या वर्षी बक्षीस हवं असेल, तर या सूचना जपून ठेवा.

नाव काळगड किंवा मृत्युगड. तिसरं सुचलं तर दाबून टाका.

वय दहा हजार वर्षं. कमी सांगितलं तर लाज जाते.

किल्ला कोणी बांधला हे 'कोणालाच ठाऊक नाही' असं पहिल्याच ओळीत लिहावं. पाथरवट, चुना, हमाली, मजुरी, सगळी कटकट मिटते. आपल्या डोक्यावरच्या ग्वाल्हेरच्या किल्ल्याचं तसं नाही. त्यावरच्या चतुर्भुज मंदिरात ८७६ सालचा लेख आहे, आणि त्यात काय, तर देवाच्या फुलबागेची लांबी २७० हात आणि रोजचे हार ५०! जगभरचे गणिती त्या आकड्यांतलं जुनं शून्य बघायला येतात. पण फुलबागेत कसली आलीय दहशत? सोडून द्या.

हवा कायम ढगाळ.

पाण्याचा विषय काढूच नका. लाखभर राक्षस वर राहतात आणि खाली लाव्हा उकळतोय, एवढं पुरे. १२३२ मध्ये दिल्लीच्या सुलतान अल्तमशाने वेढा घातला तेव्हा ग्वाल्हेर कित्येक महिने तग धरून राहिलं, ते वरच्या तळ्यांच्या जिवावर. राक्षसांना तहान लागत नसावी.

आता तुरुंग. तळघर, साखळ्या, कवट्या, आणि कैद्याला ड्रॅगनपुढे टाकणे. एका कथेत तोच कैदी पुन्हा पुन्हा टाकला जातो आणि दर वेळी पळतो. "अरे, मधल्या वेळात त्याला जेवायला कोण देतं?" असं मी लेखकाला विचारलं. तर म्हणतो, "काका, फँटसी आहे, इतना मत सोचो."

इतना मत सोचो! अरे, तू राहतोस कुठे? गच्चीवर कपडे वाळत घालताना जो किल्ला दिसतो, तो मोगलांचा शाही तुरुंग होता. औरंगजेबाने सख्ख्या भावाला, मुरादला, इथेच १६६१ मध्ये मारवलं. थोरला भाऊ दारा शिकोह, त्याच्या मुलाला, सुलेमान शिकोहला, दरबारात उभं केलं तेव्हा तो म्हणाला, पोस्त पाजणार असाल तर आत्ताच मारून टाका. बादशहाने शब्द दिला, पाजणार नाही. हे त्या काळी इथे आलेल्या बर्नियर या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवलंय. पोस्त म्हणजे अफूची बोंडं कुटून रात्रभर पाण्यात भिजवायची आणि सकाळी ते पाणी कैद्याला द्यायचं. पेला रिकामा केल्याशिवाय खायला नाही. माणूस वाळत जातो, सुस्तावतो, एक दिवस संपतो. किंकाळी नाही, रक्त नाही. शब्द काही पाळला नाही म्हणतात; सुलेमान १६६२ मध्ये इथेच गेला. आणि कोणीतरी रोज संध्याकाळी ती बोंडं कुटत होतं, सकाळी पेला विसळत होतं, महिना भरला की पगार घेऊन घरी जात होतं. त्या माणसाबद्दल लिही की! तुझा ड्रॅगन त्याच्यापुढे पाळलेलं मांजर आहे.

किल्ला कसा पडतो हेही सगळ्यांचं एकच. जादूची तलवार, प्रकाशझोत, समाप्त. १७८० च्या ऑगस्टात ईस्ट इंडिया कंपनीच्या पॉपहॅम या अधिकाऱ्याने आपल्या शिंद्यांकडून हा 'अजिंक्य' किल्ला घेतला तो रात्री लाकडी शिड्या लावून. वरचे पहारेकरी गाफील. शिड्या! सुताराने केलेल्या!

आता सरळच सांगतो, सूचना-बिचना बास. तुम्ही आळशी आहात. किल्ल्याच्या उरवाई दरवाज्याच्या रस्त्याने गाडीतून वर जाता, मानमंदिर महालाच्या भिंतीवरच्या पिवळ्या बदकांसमोर रील काढता आणि खाली कचोरी खायला येता. दहा हजार वर्षांची दुष्टाई लिहायला निघालात आणि तुमच्या राजाला साधा स्वयंपाकी नाही, भिस्ती नाही, कारकून नाही. मग त्याचे हुकूम पाळतं कोण? घाबरायचं कशाला त्याला? आधी कैद्याच्या सकाळच्या पेल्यात काय आहे आणि तो कोण भरतो, ते ठरवा. तेवढंही जमत नसेल तर पुढच्या वर्षी रांगोळी स्पर्धेत नाव द्या. तिथे परीक्षक मी नसतो.