ट्रान्समीटर ठेवायचा कुठं

विमानाचं बरं असतं, थर्माकोलचं असल्यामुळं भिंतीला टांगलं की विषय संपला. वैताग आहे तो ट्रान्समीटरचा, म्हणजे ते उडवायच्या हातातल्या रिमोटचा. परभणीच्या मे महिन्यात माळवदावरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवावा तर तिथं भट्टी, खाली ठेवावा तर कूलरची ओल, बाहेर धूळ, आणि ती धूळ स्टिकच्या बुडात गेली की विमान सरळ जाताना मधेच अंगात आल्यासारखं करतं. म्हणून शेवटी आईच्या लोखंडी कपाटात, पैठणीच्या शेजारी, बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवलाय. पूर्वी अमेरिकेत 72 मेगाहर्ट्झचे सेट होते तेव्हा एकाच चॅनेलवर दोघांनी चालू केलं की विमान खाली, म्हणून मैदानावर सगळ्यांचे ट्रान्समीटर टेबलावर जमा करून घ्यायचे आणि पाळीपाळीनं द्यायचे. आता 2.4 गिगाहर्ट्झमुळं ती भानगड मिटली म्हणतात, आमच्या घरी मिटलेली नाही, कपाटाची चावी आईच्या कमरेला असते.

आणि सेल. माझ्या सेटला चार डबल ए लागतात आणि बाबांच्या भिंतीवरच्या घड्याळाला एक. घड्याळ थांबलं की बाबा माझा एक चांगला सेल काढतात आणि, माणूस प्रामाणिक, घड्याळातला मेलेला त्याच्या जागी बसवून ठेवतात. मग चालू केलं की पीं पीं पीं. उघडून बघावं तर स्प्रिंगवर पांढरं पीठ. ते व्हिनेगरनं कानकोरणीला कापूस लावून पुसायचं, तोवर बाबा शेजारी उभे, "टाइम बग की, घड्याळ कसं झ्याक चालायलंय!"

एवढं सगळं करून शेतात गेलं की रेंज चेक, म्हणजे सिग्नल लांबवर पोचतो का ते बघायचं. आधी ट्रान्समीटर चालू, मग विमान, बंद करताना उलटं. मेमरीत दुसरंच मॉडेल निवडलेलं नाही ना बघायचं, नाहीतर डावं म्हणलं की उजवं. मग पॉवर कमी करून तीसेक पावलं मागं मागं जायचं आणि स्टिक हलवत राहायचं, पंखाचे कान हलतायत का ते बघत. बांधावर पोरं जमलेली असतात. "काका, उडायलंय कवा?" उडायलंय कवा! ढेकळात मी उलटा चालतोय आणि विमान नुसतं शेपटी हलवतंय, पोरं कंटाळून चिंचेकडं निघून जातात.

शेवटची फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला तर विमान काय करतं ती तपासणी. भाच्यानं विमान मागून घट्ट धरायचं, मी थोडा थ्रॉटल देऊन, म्हणजे मोटार फिरवून, ट्रान्समीटरच बंद करायचा, मोटार आपोआप थांबली पाहिजे. थांबली. मी खूश. तेवढ्यात बांधावरचे आबा उठून जवळ आले, वाकून पंख्याकडं बघितलं.

"जळली जणू."

"न्हाई आबा, मीच बंद केली, चेक करायलोय."

"आमच्या हिरीवरचीबी अशीच बंद पडायची. मोंढ्यात रिवायंडिंगवाला हाय, माझं नाव सांग, कमी घेतो."