माशी कुठे शिंकली?

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, असे आपल्याकडे सांगतात. कमरेएवढ्या गार पाण्यात उभे राहून, खिशाला खार लावून, शिवाय हाती लागलेला मासा खायचा नाही अशी अट स्वतःवर घालून हेच वैर करण्याच्या प्रकाराला अमेरिकेत फ्लाय फिशिंग म्हणतात.

माझे बालपण मालवणजवळच्या खाडीकाठी गेले. तेथे काठीला तंगूस, तंगुसाला गरी आणि गरीला कोळंबीचा तुकडा लावला की मासेमारीचे शास्त्र संपत असे. मासा कोळंबी खाई, आम्ही मासा खात असू आणि कोणाची काही तक्रार नसे; निदान आमची तरी नसे. त्यामुळे न्यू जर्सीतील कचेरीतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने जूनच्या पहिल्या शनिवारी डेलावेअर नदीच्या पश्चिम फाट्यावर ट्राउट नावाचे थंड पाण्यातले मासे धरायला येण्याचे आमंत्रण दिले, तेव्हा मी ते मोठ्या आत्मविश्वासाने स्वीकारले. ‘धरायचा आणि सोडायचा’ हा त्याचा नियम मी फोनवर आईला सांगितला, त्यावर ती एवढेच म्हणाली, “सोडूचोच होतो तर धरूचो कित्याक?” या प्रश्नाचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

हा फाटा न्यूयॉर्क राज्यातील कॅनन्सव्हिल धरणातून येतो. न्यूयॉर्क शहराला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून १९६४ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाच्या तळातून पाणी सोडतात, म्हणून भर उन्हाळ्यातही ते इतके थंड असते की संध्याकाळी नदीवर धुके धरते आणि छातीपर्यंतच्या रबरी विजारीतही पायांची बोटे आपली वाटेनाशी होतात. ट्राउटला मात्र हेच हवे असते. येथला ब्राउन ट्राउट मूळचा येथला नव्हे. १८८३ मध्ये त्याची अंडी जर्मनीहून अमेरिकेत आली आणि बघता बघता तो देशभर स्थायिक झाला. माझे ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे, त्यामुळे त्याच्याकडे मी थोड्या असूयेनेच पाहत होतो.

आता मुख्य अडचण सांगतो. हा मासा माशीवर धरतात. पण माशी खरी नसते. कोंबड्याच्या मानेवरचे पीस, सशाची लव आणि रेशमी धागा गळाला गुंडाळून ती तयार केलेली असते. तिला वजन जवळजवळ नसल्यामुळे भिरकावायची असते ती जाड दोरी, आणि माशी दोरीच्या मागून वरातीतल्या दूरच्या नातेवाइकासारखी जाते. पहिल्या अर्ध्या तासात माझी माशी पाठीमागच्या झाडावर चार वेळा आणि टोपीवर एकदा बसली. नाकावर माशी बसू न देणाऱ्या माणसाला हा अपमान गिळणे सोपे नव्हते.

साडेसातच्या सुमारास नदी एकाएकी जिवंत झाली. सल्फर नावाच्या पिवळसर मेफ्लाय, म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या नाजूक माश्या, पाण्यातून वर येऊ लागल्या आणि माझ्यापासून जेमतेम वीस हातांवर ट्राउट त्यांच्यावर तुटून पडले. मी हुबेहूब तशीच पिवळी माशी त्यांच्या डोक्यावरून सात-आठ वेळा वाहवली. एकाने जवळ येऊन तिची तपासणी केली आणि स्थळ नापसंत असल्याप्रमाणे तो खाली गेला.

“माशीचं वय चुकलंय,” सहकारी, म्हणजे आता माझा गुरू, म्हणाला.

माशीला वय असते हे मला ठाऊक नव्हते. हा किडा सुमारे वर्षभर तळाच्या दगडांत अळीरूपाने काढतो, मग पृष्ठभागाशी येऊन कात फोडतो, पंख वाळवून झाडावर जाऊन बसतो आणि तेथे पुन्हा एकदा कात टाकतो. पंख फुटल्यानंतर कात टाकणारा कीटक दुसरा नाही. या शेवटच्या अवतारात त्याला खाण्याजोगे तोंडही नसते. लग्न उरकायचे आणि मरायचे, एवढेच काम उरते. गुरूने पाण्याकडे बोट दाखवले. माशाचे तोंड वर दिसत नव्हते, फक्त पाठ चमकून जात होती. म्हणजे तो वर तरंगणारी माशी खातच नव्हता, तर पृष्ठभागाखाली कातीत अर्धवट अडकलेली खात होता. माझी माशी दोन-तीन मिनिटांनी मोठी होती, आणि तेवढ्यावर सगळे अडले होते.

ती ‘अर्धवट’ माशी डबीत होती, अठरा नंबरची. या धंद्यात नंबर वाढेल तसा गळ लहान होतो, हा हिशेब चपलांच्या दुकानात चालणार नाही. तिच्या गळाच्या नेढ्यातून ०.१३ मिलिमीटर जाडीचा तंगूस ओवायचा होता. उजेड जात होता, चष्मा धुक्याने भरला होता आणि बोटे गारठली होती. लहानपणी आई सुईत दोरा ओवण्यासाठी मला हाक मारी तेव्हा मी जो कंटाळा केला होता, त्याचे व्याज त्या पंधरा मिनिटांत चुकते झाले. समोर माशांची पंगत बसलेली होती आणि मी वाढप्याऐवजी शिंपी झालो होतो.

गाठ बसली तेव्हा नऊ वाजत आले होते. गुरू शांतपणे म्हणाला की आता पंगत बदलली आहे. आदल्या दिवशीच्या माश्या लग्न उरकून, अंडी घालून, पंख पसरून मरून पडत होत्या आणि ट्राउट त्यांना बशीतला चहा भुरकावा तसे हलकेच ओढून घेत होते. माझी माशी आता एका जन्माने लहान होती. तरी ती मी फेकली, कारण पुन्हा ओवणे शक्य नव्हते. काळोखात एका वटवाघळाने तिच्यावर झेप घेतली आणि ऐन वेळी विचार बदलला. तिची दखल घेणारा त्या संध्याकाळी तेवढा एकच जीव निघाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडीच्या काचेला आतून एक पारदर्शक कात चिकटलेली दिसली, पायांसकट अखंड. कॉलरवर बसून कोणी तरी आमच्याबरोबर दीडशे मैल आले होते आणि रात्रीतून वयात येऊन निघूनही गेले होते. बायको फडके घेऊन पुढे झाली, तेव्हा मी जवळजवळ ओरडलोच.

“हे काय आहे?” तिने विचारले.

“कात.”

“आणि मासा?”

मी फ्रीजरमधले दोन बांगडे काढले आणि बर्फ सुटावा म्हणून पाण्यात सोडले.