ऑप्टोमेट्रीच्या मुलांना आधी विचारायला शिकवा

ऑप्टोमेट्रीच्या, म्हणजे नजर तपासून चष्म्याचा नंबर काढायला शिकणाऱ्या, विद्यार्थ्यांना संशोधन आणि संवादकौशल्य शिकवायचं का, आणि शिकवायचं तर वेळ कुठून काढायचा, यावर सोलापुरातल्या माझ्या व्यवसायबंधूंमध्ये सध्या वाद चालू आहे. एका ज्येष्ठ नेत्रतज्ज्ञांचं म्हणणं, "पोरांच्या हातात आधी रेटिनोस्कोपी बसू दे, संशोधनाचं पुढे बघू." (रेटिनोस्कोपी म्हणजे डोळ्यात उजेड टाकून बाहुलीतल्या सावलीवरून नंबर काढणं.) चष्म्याच्या दुकानदारांना संवादकौशल्य हवंच आहे, पण त्यांना अपेक्षित आहे ते फाडफाड इंग्रजी आणि महागडी फ्रेम विकण्याची हातोटी. कॉलेजवाले म्हणतात, प्रोजेक्ट आहेच की अभ्यासक्रमात. आहे, पण मागच्या बॅचची फाइल, बदललेलं नाव आणि नवं स्पायरल बाइंडिंग, असाच तो बऱ्याचदा होतो.

मी इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये डोळे तपासतो आणि वाढलो सोलापूरच्या पूर्व भागात. रेटिनोस्कोपीचा आग्रह मला पूर्ण मान्य आहे. ज्याला बाहुलीतली सावली कुठे सरकते हे ओळखता येत नाही, त्याच्या गोड बोलण्याचा रुग्णाला काडीचा उपयोग नाही. पण नजर तपासणारा हात तयार असूनही चष्मा चुकू शकतो, आणि आपल्या गावात तर तो अगदी सहज चुकतो.

पंचेचाळिशीतली एखादी विडी कामगार बाई घ्या. घरात तेलुगू बोलणारी, मराठी कामापुरती. सोबत शाळेत जाणारी मुलगी. विद्यार्थी विचारतो, "जवळचं दिसतं का?" आई तोंड उघडायच्या आत मुलगी सांगून मोकळी होते, "दिसतं." आईला वाचता येत नाही, म्हणून जवळचा तक्ता बाजूला राहतो. लांबची नजर चांगली निघते आणि बाई घरी जाते. ही बाई दिवसभर मांडीवर सूप घेऊन बसते, तेंदूचं पान मापानं कापते, तंबाखू भरून वळते आणि बारीक दोरा गुंडाळते. मजुरी हजार विड्यांमागे मिळते. खराब ठरलेल्या विड्या बाजूला काढल्या जातात. तिला विचारायला हवं होतं, "दोरा बांधताना हात लांब धरावा लागतो का? दिवे लागल्यावर काम मागे पडतं का?" हातात पान-दोरा देऊन, ती बसते तशी खाली बसवून, डोळ्यापासून हातापर्यंतचं अंतर टेपनं मोजायला हवं होतं. चाळीस सेंटिमीटरवर काढलेला जवळचा नंबर पन्नासवर काम करणाऱ्या बाईला जास्त होतो. मग ती चष्मा चार दिवस लावून फळीवर ठेवून देते, आणि आपण म्हणतो, या बायका चष्मा वापरत नाहीत.

संशोधनाची सुरुवातही याच बाईपासून करता येते. २०१८ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आसामच्या चहामळ्यांतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चाळीस आणि त्यापुढच्या वयाच्या ७५१ कामगारांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट केले. एका गटाला जवळचा चष्मा लगेच दिला, दुसऱ्याला अभ्यास संपल्यावर. लगेच चष्मा मिळालेल्यांची पानतोडणी दुसऱ्या गटापेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. हा आकडा मुलांकडून पाठ करून घेण्यात अर्थ नाही. त्यांना एवढंच विचारा की तो सोलापूरच्या विडीला लागू पडेल का? चहा तोडणारी बाई जास्त पानं तोडू शकते, कारण पानं मळ्यात समोर असतात. विडीचं पान आणि तंबाखू कारखान्यातून मोजून मिळते. नीट दिसलं तरी माल तेवढाच असेल, तर फायदा कशात मोजायचा? वाचलेल्या तासांत? खराब निघणाऱ्या विड्या कमी होण्यात? की रात्रीची डोकेदुखी थांबण्यात? यावर वर्गात तासभर भांडण झालं, तर मुलं संशोधन शिकली. उत्तर शोधायला कुंभारीच्या गोदूताई परुळेकर या विडी कामगारांच्या वसाहतीपर्यंत जावं लागेल, आणि तिथल्या बायकांशी बोलल्याशिवाय प्रश्नावलीची पहिली ओळसुद्धा लिहिता येणार नाही.

संमतीपत्राचंही तसंच. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार माणसाला समजेल अशा भाषेत माहिती द्यावी लागते, आणि वाचता न येणाऱ्याच्या वेळी त्रयस्थ साक्षीदार लागतो. इंग्रजी कागदावर अंगठा उमटवून घेणं ही संमती नव्हे, हे विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी कळलं पाहिजे.

इथे ब्रिटनमध्ये संवाद हा वरचा मुलामा मानत नाहीत. डोळे तपासणाऱ्यांची नोंदणी करणाऱ्या जनरल ऑप्टिकल कौन्सिलनं २०२१ मध्ये नोंदणीसाठी जे निकष ठरवले, त्यांत संवाद हा स्वतंत्र विभाग आहे. परीक्षेत रुग्णाची भूमिका करणारा माणूस समोर बसतो आणि विद्यार्थी त्याच्याशी कसा बोलला याचे गुण मिळतात. लेस्टरमध्ये गुजराती आजी नातवासोबत येतात, पण सगळं नातवाच्या तोंडून विचारणं योग्य मानलं जात नाही. गरज पडली तर फोनवरून दुभाषी घ्यावा लागतो. हे सोलापूरनं जरूर घ्यावं. मात्र इथल्या सगळ्याचीच नक्कल करू नये. दुकानातल्या तपासणीत घड्याळ इथेही मानेवर बसलेलं असतं, विक्रीचा आकडाही असतो. सहानुभूतीचं ठरलेलं वाक्य बोलून चौकटीत बरोबरची खूण मिळवणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. इथल्या अनेक प्रबंधांत तपासलेले डोळे वर्गमित्रांचेच असतात, विशी-बाविशीचे, धडधाकट.

सोलापूरच्या वर्गात जे आहे ते इथे पैसे मोजून मिळत नाही. अक्कलकोटकडच्या मुलाला कन्नड येतं, पूर्व भागातल्या मुलीला तेलुगू येतं, कुणाच्या घरी उर्दू बोलतात. हीच मुलं इंग्रजी स्लाइड समोर आली की गप्प होतात आणि आपण त्यांना संवाद येत नाही असा शेरा मारतो. मला याचा मनापासून राग येतो. रुग्णाच्या भाषेत बोलण्याला गुण द्या, मग बघा ती पोरगी कशी बोलते.

ओपीडीत रांग दारापर्यंत असते, तिथे वेळ कुठला, हा आक्षेप मात्र खरा आहे. म्हणून प्रत्येकाला दहा मिनिटं द्या असं मी म्हणत नाही. काही रुग्ण निवडा. काचबिंदूचे थेंब सुरू करणाऱ्याला सांगावंच लागतं की थेंबांनी नजर सुधारणार नाही, आहे ती टिकवायची आहे. हे न सांगता पाठवलं तर महिनाभरानं फरक पडत नाही म्हणून तो बाटली बंद करतो, आणि गेलेली नजर परत आणता येत नाही. "समजलं का?" विचारलं की आपल्याकडे सगळे मान हलवतात. त्याऐवजी "घरी गेल्यावर सूनबाईंना काय सांगाल?" असं विचारलं, तर काय राहिलं ते लगेच कळतं. दोन मिनिटांचं काम आहे.

येत्या वर्षी एवढं करून बघा. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक गटानं फाइल जमा करण्याआधी आपले निष्कर्ष, ज्यांचे डोळे तपासले त्यांच्यासमोर, त्यांच्या भाषेत, वसाहतीच्या अंगणात मांडावेत. यंत्रमागावर तुटलेला धागा जोडणारे कामगार असोत की विड्या वळणाऱ्या मावशी, प्रश्न त्यांना विचारू द्यावेत. तोंडी परीक्षेचे निम्मे गुण त्या उत्तरांना असावेत, आणि परीक्षकानं खुर्ची मागे घेऊन बसावं.